तिनावर दोन पूज्यं

"हॅलो, हॅलो... चेक... वन, टू, थ्री..."

भिंतीवरच्या स्पीकरमधून साधी खरखरसुद्धा आली नाही.

"परत!" आफरीन शेवटच्या रांगेतून ओरडली.

"हॅलो. माईक टेस्टिंग. हॅलो."

"ईशे, तुझे नुसते ओठ हलताना दिसताहेत. आवाज नाही."

"ओठ हलले हेच माझ्या मानाने खूप झालं," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी अशा काही हसत सुटलो, की माझ्या ओढणीला लावलेला कॉलर माईक निसटून पोटाशी लोंबायला लागला.

यात एवढं हसण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी, सातवीत, शिक्षकदिनाला मी आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावर उभी राहिले होते. भाषण तोंडपाठ होतं. आंघोळ करताना म्हणून झालेलं, म्हशीला पाणी पाजताना म्हणून झालेलं. म्हैस एकदासुद्धा हसली नव्हती. "सन्माननीय अध्यक्ष महोदय, पूज्य..." इथपर्यंत छान आले आणि समोर अख्खी शाळा दिसली. पुढचा 'गुरुजनवर्ग' जो पळाला तो पळालाच. मी पुन्हा म्हणाले, "पूज्य..." मग आणखी एकदा, "पूज्य..." तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "बरोबर आहे, पूज्यच!"

म्हणजे गणितातलं पूज्य. शून्य.

शाळा हसून हसून लोळली. त्या दिवसापासून ईश्वरी खोराटे हे नाव फक्त हजेरीपुरतं उरलं. "ए पूज्य, डबा उघड." "पूज्य, खडू आण गं." वर्गातली मुलं तर मी दिसले की लांबूनच हात जोडायची. मीही हसायचे. न हसून सांगते कोणाला?

पण बोलायचं मात्र मी बंद केलं होतं. बाईंनी प्रश्न विचारला आणि उत्तर येत असलं, तरी मी वहीत मान घालायचे.

तर आठवीतली ती सकाळ. आमच्या शाळेच्या नव्या सभागृहात तालुक्याचा विज्ञान मेळावा होता. दुपारी बारा वाजता. शाळाशाळांची मुलं, शिक्षक आणि गावातले ज्यांना यायचं ते सगळे. आमच्या शाळेचं सादरीकरण होतं 'साप चावला तर'. माहिती मी जमवली होती. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची चित्रं मी काढली होती. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना प्रश्नही मीच विचारले होते; म्हणजे लिहून मी दिले आणि विचारले आफरीनने. आफरीन मुजावर ही माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. ती झोपेत बडबडली तरी शेवटी 'धन्यवाद' म्हणते.

आदल्या दिवशी विज्ञानाच्या देवर्डेकर मॅडमनी मला एकटीला बोलावलं होतं. "ईश्वरी, काम तुझं आहे. बोलायलाही तूच पाहिजेस. पण मी जबरदस्ती करणार नाही. उद्या सकाळी तुम्ही दोघी माईक, रिमोट, प्रोजेक्टर सगळं तपासून घ्या, आणि झालं की मला येऊन एक नाव सांग. तुझं नाहीतर आफरीनचं. मी यादीत तेवढंच लिहीन."

एक नाव मी केव्हाच ठरवलं होतं. आफरीन. तिला सांगितलं नव्हतं, एवढंच.

याचं कारण नुसती शाळा नव्हती. आदल्या रात्री जेवताना बाबा सहज म्हणाले होते, "उद्या शेवंता पण येतेय हं, तुझं ऐकायला." शेवंताआत्या, बाबांची बहीण. आमच्या सादरीकरणाचा शेवटचा भाग तिच्याबद्दल होता. बाकी कोणाहीपुढे पूज्य व्हायला मी तयार होते, सवयच झाली होती. पण आत्या पहिल्या रांगेत बसलेली आणि मी तिच्याच गोष्टीत तोंड उघडं टाकून उभी, हे माझ्याने झालं नसतं.

"रिमोट बघ," आफरीन म्हणाली. "माईकचं नंतर बघू."

रिमोट म्हणजे चित्रं पुढे सरकवायचं बोटभर यंत्र. त्याची पिन लॅपटॉपला लावली. मी व्यासपीठावरून बटण दाबलं, पडद्यावर नाग आला. दहाव्या रांगेत जाऊन दाबलं, मण्यार. अगदी मागच्या दाराशी जाऊन दाबलं, घोणस. आफरीन टाळ्या वाजवत म्हणाली, "वा! साप तयार आहेत, गारुडीण गप्प आहे."

मग पुन्हा माईक. माझ्या कमरेला चौकोनी डबी अडकवलेली, तिच्यातून वायर वर येऊन ओढणीला माईक. डबीवर हिरवा दिवा लागलेला. आम्ही पेन्सिल सेल बदलले. बटण खालीवर केलं. माईकचा आवाज पकडून स्पीकरला देणारा दोन शिंगांचा काळा डबा व्यासपीठाच्या कडेला मांडला होता, त्यावर मात्र हिरवा दिवा नाही. म्हणजे डब्याला वीज होती, पण आमचा आवाज पोचल्याची खूण नव्हती.

"मारुतीकाकांना आणते," आफरीन म्हणाली. मारुतीकाका साऊंडवाले. सकाळी टेम्पोतून आमचं सामान उतरवून ते शाळेच्या मागच्या मंगल कार्यालयात गेले होते. तिथल्या लग्नाचा साऊंडही त्यांचाच. आमची आणि कार्यालयाची मिळून एकच कुंपणभिंत. "आणि ऐक, तू बोलत राहा."

"एकटी?"

"मग काय! मधेच कनेक्शन आलं तर कळायला नको? सगळे साऊंडवाले तसंच करतात. एकजण वायर बघतो, एकजण बोलत राहतो. थांबायचं नाही हं, पूज्य!"

आणि ती गेली. जाताना दार घट्ट ओढून गेली, कारण प्रोजेक्टरसाठी सगळीकडे काळे पडदे लावले होते.

मी आणि खुर्च्या. वर सहा पंखे, गरगर फिरत होते.

"हॅलो, हॅलो. वन, टू, थ्री. हॅलो." किती वेळ म्हणणार? फोर, फाइव्हही झालं. बाराचा पाढा झाला. मग मला माझंच हसू आलं. इथे ऐकणारं कोणी नाही, माईक मेलेला आहे, आणि मी पाढे कसले म्हणतेय? मी ओढणी सारखी केली, व्यासपीठाच्या मधोमध आले आणि खुर्च्यांना नमस्कार केला.

"सन्माननीय रिकाम्या खुर्च्यांनो, पूज्य पंख्यांनो!"

कुठूनतरी लांबून 'हूं' असा आवाज आल्यासारखं वाटलं. लग्नाची गडबड असणार. मला मजा यायला लागली होती. मी पहिलं चित्र लावलं आणि आमच्या सादरीकरणाचं पहिलं वाक्य, जे मी स्वतः लिहिलं होतं आणि जे आफरीनच्या तोंडी ऐकायची मी तयारी केली होती, ते बेंबीच्या देठापासून ओरडले,

"सावधान! तुमच्या पायापाशी साप आहे!"

बाहेर एकदम गलका उठला. कोणीतरी किंचाळलंसुद्धा. नवरदेव आला वाटतं, असं म्हणून मी पुढे गेले.

"हलू नका. घाबरू नका. तुम्ही त्याच्या वाटेला गेला नाहीत तर तो तुमच्या वाटेला जाणार नाही. त्याला आपल्यापेक्षा उंदरात जास्त रस असतो." बाहेर हशा. लग्नात कोणीतरी विनोदी माणूस आलेला दिसत होता. "पण समजा, चावलाच. तर पहिलं काय कराल? धावाल. धावायचं नाही! धावलात की विष अंगात लवकर पसरतं. हाड मोडल्यावर जशी फळी बांधतो तसा हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवायचा. करकचून दोरी आवळायची नाही. ब्लेडने चिरायचं नाही. तोंडाने विष ओढायचं नाही, ते फक्त सिनेमातल्या हिरोला जमतं आणि त्यालाही त्याचे पैसे मिळतात."

हे शेवटचं वाक्य लिहिलेलं नव्हतं. ते आपोआप आलं. मी जागच्या जागी थांबून स्वतःकडे बघितलं. म्हणजे आरसा नव्हता, पण बघितलं असंच म्हणावं लागेल. ईश्वरी, तू न लिहिलेलं वाक्य बोललीस!

मग मात्र मला कोणी आवरायला नव्हतं. मी व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. घोणशीचा फुत्कार काढून दाखवला. मण्यार अंथरुणात कशी शिरते ते सांगताना तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, "काय हो काका, तुम्ही जमिनीवर झोपता ना? मग मच्छरदाणी लावता का?" खुर्चीने उत्तर दिलं नाही. "नाही ना? उद्यापासून लावा. आणि चावला तर बोटातल्या अंगठ्या, हातातल्या बांगड्या, पायातले पैंजण आधी काढा. लगेच काढा! कारण सूज आली की ते निघत नाहीत."

इथे मी जरा थांबले. कारण इथून आत्या सुरू होत होती.

हा भाग मी घरीसुद्धा कधी मोठ्याने म्हटला नव्हता. पण त्या दिवशी पाय थांबले तरी तोंड थांबलं नाही.

"माझ्या आत्याचं नाव शेवंता. भाताच्या पेंढ्या उचलताना तिला घोणस चावली. दवाखाना जवळ होता, पण तिला आधी मांत्रिकाकडे नेलं. त्याने कडुलिंबाचा पाला चघळायला दिला आणि विचारलं, कडू लागतो का? ती म्हणाली, लागतो. तो म्हणाला, मग विष नाही चढलेलं. सगळ्यांना बरं वाटलं. सगळे बसून राहिले. आत्याच्या बोटात लग्नातली अंगठी होती. हात सुजत चालला, अंगठी रुतत चालली, आणि ती कोणीच..."

धाडकन दार उघडलं.

दारात एक आडदांड गृहस्थ. डोक्याला गुलाबी फेटा, कपाळावर नाम ओढलेला, फेट्याच्या तुऱ्यात तांदळाचे दाणे अडकलेले. त्यांच्यामागे मारुतीकाका, आणि मारुतीकाकांच्या मागे आफरीन. आफरीनचे डोळे असे मोठ्ठे झालेले.

"कोण बोलत हुतं हितं?" फेटेवाल्यांनी विचारलं.

मी मागे वळून बघितलं. मागे पडद्यावरची घोणस होती. "मी."

"साप साप म्हणून वरडत हुती ती तूच?"

"हो. पण काका, मी नुसती तपासत होते. माईक बंद आहे."

"बंद?" त्यांनी माझ्या ओढणीकडे बोट केलं. "अगं पोरी, त्यो बंद असता तर माझ्या भाचीचं लगीन सरळ लागलं नसतं का?"

कुंपणापलीकडून हास्याचा असा स्फोट झाला, की आमच्या सभागृहाच्या काचा थरथरल्या. आफरीन धावत आली आणि तिने माझ्या कमरेच्या डबीचं बटण खाली केलं.

त्याच क्षणी आमच्या भिंतीवरचे दोन्ही स्पीकर जिवंत झाले. त्यातून एक घोगरा, वैतागलेला आवाज आला. "हॅलो, हॅलो. अरे मारुती, कुठं गेलास? मी मंगलाष्टकं म्हणू की नको म्हणू?"

मारुतीकाकांनी कपाळाला हात लावला. "भटजी," ते म्हणाले. "आलं लक्षात. दोन्ही डबे सारखेच. टेम्पोतून उतरवताना अदलाबदल झाली बघा. तुमचा माईक तिकडच्या डब्याशी बोलतोय आणि तिकडचा हिकडं."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. मग मी तिसऱ्या रांगेतल्या त्याच खुर्चीत जाऊन बसले.

"म्हणजे... सगळं? तिकडे?"

"सगळं!" फेटेवाले म्हणाले. ते नवरीचे मामा होते. "पयलं हॅलो हॅलो झालं. मग तू पाढे म्हटलेस. आमाला वाटलं, मारुतीची पोरगी असंल. मग म्हणालीस, पूज्य पंख्यांनो. झालं! समदी मंडळी माना वर करून पंख्याकडं बघायला लागली. आमचे व्याही तर उठून उभं ऱ्हायले, वाटलं पंखा पडतोय. आणि मग तू काय म्हणालीस?"

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"काय म्हणालीस? सांग की!"

"सावधान," मी पुटपुटले.

"सा-व-धा-न!" मामांनी दोन्ही हात वर उडवले. "अगं, माणसं अक्षता मुठीत धरून बसलीत. कानावर सावधान पडलं की हात आपसूक उठतोय. दुसरं काय करणार मंडळी? टाकल्या की समद्यांनी! नवरी आजून खोलीत, नवरदेव मारुतीच्या देवळात. बोहल्यावर कोण, तर भटजी आणि त्यो फोटोवाला. त्या दोघांचं लगीन लागलं!"

आफरीन तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मारुतीकाका खाली बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

"आणि लगेच म्हणालीस, पायापाशी साप! मुठी रिकाम्या झाल्या अन् पाय वर! आमच्या थोरल्या वहिनी खुर्चीवर चढल्या त्या आजून उतरल्या न्हाईत. आणि बांगड्या काढा म्हटल्यावर नवरीची मावशी खरंच बांगड्या काढाय लागली. दोघींनी हात धरले तिचे. लग्नघरात बांगड्या काढत्यात व्हय?"

"काका, चुकलं," मी म्हणाले. "मला खरंच माहीत नव्हतं. मी येऊन सगळ्यांची माफी मागते."

"माफी कशापायी?" मामा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. फेटा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आत्याचं काय झालं?"

"अं?"

"तुझ्या आत्याचं. हात सुजला, अंगठी रुतली. पुढं? तिकडं मंडळी खोळंबलीत. वहिनी म्हणाल्या, ती जगली का न्हाई ते इचारून या, मगच मुहूर्त." त्यांनी फेट्यातला एक तांदूळ काढून बोटात फिरवला. "गेल्या भातकापणीला आमच्या वाडीतला एक तरणा पोरगा गेला. आमी बी त्याला आधी मांत्रिकाकडंच नेला हुता. त्यानं बी पाला चघळाय दिला. त्या पोराचा बाप आत्ता तिकडं पयल्या रांगंत बसलाय. समदी हसत हुती, त्यो एकटा न्हाई हसला. पर मी निघूस्तर जागचा हलला बी न्हाई."

मी रिमोट दाबून पडद्यावरची घोणस घालवली.

"जगली," मी म्हणाले. "शेवटी दवाखान्यात नेलं. जगली. पण अंगठी कापून काढावी लागली, आणि नंतर ते बोटही. ती हात नेहमी पदरात ठेवते. आज येणार आहे ती. बारा वाजता."

मामा उठले. फेटा डोक्यावर चढवला. "बारा वाजता," ते म्हणाले. "बघतो." आणि दारातून वळून म्हणाले, "त्ये सिनेमातल्या हिरोचं हाय न्हवं? त्ये ठेव. ते काढू नगंस."

मारुतीकाका काळा डबा काखेत मारून त्यांच्यामागे धावले. जाताना बडबडत होते, "मी केव्हाच आवाज पाडणार होतो हो. ह्या पोरीनं माझं मनगट धरलं."

मी आफरीनकडे बघितलं.

"तू?"

"मी पोचले तेव्हा तू मच्छरदाणीवर आली होतीस," तिने खांदे उडवले. "खोटं कशाला बोलू, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं तिकडे कोणी वक्ता आणलाय. मग आवाज ओळखला. काका बटणाकडे हात नेत होते. मी म्हटलं, काका, तुम्हाला अल्लाची शपथ, विठ्ठलाची शपथ, कोणाची पाहिजे त्याची शपथ, पण हे बंद करू नका. ही परत बोलणार नाही."

"किती माणसं होती गं तिथे?"

"तीनशे तरी असतील."

"तीनशे!"

"हो. तीनशे कसे लिहितात?" तिने माझा तळहात ओढला आणि त्यावर बोटाने काढून दाखवलं. "तीन. त्यावर एक पूज्य. त्यावर आणखी एक पूज्य. तिनावर दोन पूज्यं. आता पुसून टाक बघू त्यातलं पूज्य. किती राहिले?"

तळहातावर गुदगुल्या होत होत्या.

देवर्डेकर मॅडम व्हरांड्यात रांगोळीवर देखरेख करत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "तपासलं का सगळं?"

"हो मॅडम. रिमोट मागच्या दारापर्यंत चालतो," मी म्हणाले. "आणि माईक पार मंगल कार्यालयापर्यंत."

"आणि नाव?"

आफरीन शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती रांगोळीतल्या मोराकडे बघत होती, जणू मोर आत्ताच उठून नाचणार आहे.

"ईश्वरी खोराटे," मी म्हणाले.

बारा वाजता सभागृह भरलं. तिसऱ्या रांगेतल्या माझ्या खुर्चीत एक जाडजूड काका येऊन बसले. ते काही उत्तर देणाऱ्यातले वाटत नव्हते, तरी मी मनात म्हटलं, काका, मच्छरदाणी. पहिल्या रांगेत बाबा आणि त्यांच्या शेजारी शेवंताआत्या, हिरवं लुगडं, उजवा हात पदरात. मारुतीकाकांनी कॉलर माईक स्वतःच्या हाताने लावून दिला आणि डबा तीनदा तपासला.

मी मधोमध जाऊन उभी राहिले.

"सन्माननीय अध्यक्ष महोदय, पूज्य..."

आणि थांबले. आमच्या वर्गाची रांग लगेच सळसळली. कोणीतरी हळूच 'पूज्य' म्हटलंच. मॅडमनी हातातली यादी घट्ट धरली. आफरीन मात्र गालात हसत होती, कारण तिला ठाऊक होतं. या वेळी 'गुरुजनवर्ग' पळाला नव्हता. या वेळी थांबले होते ती मी.

मागचं दार किलकिलं झालं होतं. काळ्या पडद्याखालून आधी जरीचे काठ दिसले, मग चपला, मग गुलाबी फेटा. एक, दोन, पाच, दहा... जेवणाच्या पंगतीतून उठून आलेली मंडळी भिंतीला टेकून उभी राहत होती. खुर्चीवर चढलेल्या थोरल्या वहिनी त्यात कोणत्या, ते मला बघताक्षणी कळलं. त्या आत येताना आधी जमीन तपासत होत्या. सगळ्यात मागे एक वाळलेला माणूस होता, टोपी हातात धरलेला.

"...पूज्य गुरुजनवर्ग," मी म्हणाले, "आणि पूज्य पंख्यांनो!"

मागची भिंत हसली. पुढच्या रांगा गोंधळून आधी मागे आणि मग वर बघायला लागल्या. मी रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावर नाग उभा राहिला.

"सावधान!"

आणि पडल्या. मागच्या भिंतीपासून, डोक्यांवरून, पंख्यांच्या वाऱ्यावर भिरभिरत, पिवळ्याधमक अक्षता. राखून ठेवल्या होत्या त्यांनी! अध्यक्षांच्या टकलावर, मॅडमच्या यादीवर, जाडजूड काकांच्या मांडीवर, आत्याच्या हिरव्या लुगड्यावर. माझ्या ओढणीत दोन दाणे येऊन बसले, बरोबर माईकच्या शेजारी.

त्यानंतर मी काय बोलले ते सांगत बसत नाही. हिरोचं वाक्य ठेवलं. फुत्कार तर सकाळपेक्षा झकास निघाला. शेवटी अंगठीपाशी आले तेव्हा आवाज जरा हलला, पण थांबले नाही. "...आणि ती अंगठी कोणीच काढली नाही," मी म्हणाले, आणि आत्याकडे बघितलं. तिला हात दाखव असं मी म्हणणार नव्हते. तसं कुठे लिहिलंही नव्हतं. आत्या उठली, लोकांकडे वळली, आणि तिने पदरातून उजवा हात बाहेर काढून डोक्याच्या वर धरला. चार बोटं. मी जन्मल्यापासून तो हात असा उंच गेलेला बघितला नव्हता.

टोपीवाल्या माणसाने मागून तिला नमस्कार केला.

आता मी दहावीत आहे. सभागृहात कुठलाही कार्यक्रम असला की माईक तपासायला मलाच बोलावतात, आणि मी हॅलो हॅलो, वन टू थ्री म्हणत नाही. मी म्हणते, सावधान! मारुतीकाका टेम्पोतून सामान उतरवताना हातातलं टाकून आधी डबे बघतात.

वर्गातली मुलं अजूनही मला पूज्य म्हणतात. सवय सुटत नाही त्यांची. कोणी तशी हाक मारली, की मी मागे वळून विचारते, "कितीवरचं?"